पेन्शनरची बदली

भावाच्या लग्नात ताईनं सगळं हसतमुखानं केलं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं, ऐन वेळी तुटलेलं त्याच्या कोटाचं बटण शिवलं, फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली. आपली मोठी खोली नव्या जोडप्याला दिली आणि स्वतः आईच्या खोलीत कपाटाच्या बाजूला पलंग टाकला. कुणाला वाटलं असतं, बाईचं मन केवढं मोठं. तेवढं मोठं कुणाचंच नसतं. ताईच्या पोटात दुखायला लागलं ते नंतर, आणि तेही एका खुर्चीवरून.

ही खुर्ची जिन्याखालच्या खोलीत होती. खोली कसली, सायकली आणि जुन्या चपला ठेवायची जागा. बाबा होते तेव्हा त्यांनी ती रिकामी करून तिथे कॉम्प्युटर मांडला होता. समोर दोन खुर्च्या, इतक्या जवळ की शेजारच्याचं कोपर लागल्याशिवाय माऊस हलवता येत नसे. डावी भावाची, उजवी ताईची. मशीन पुढे दोनदा बदललं, खुर्च्या त्याच राहिल्या.

तिथे ती दोघं जग जिंकायची.

खेळ दिसायला साधा होता. सुरुवातीला सगळा नकाशा काळा. त्या काळोखात वस्ती वसवणारी एक टोळी आणि तिच्या सोबतीला एक भालाईत, एवढंच आपलं राज्य. टोळीनं शहर वसवायचं, शहरानं धान्य पिकवायचं, मग लिपी, चाक, रस्ते, जहाजं, तोफा. आपली चाल झाली की बटण दाबायचं; बाकीची राज्यं आपापल्या चाली करतात आणि पुन्हा आपली पाळी येते. घाई अजिबात नाही. एकेका चालीवर ही दोघं इतका विचार करत की तेवढ्यात खरंखुरं साम्राज्य उभं राहिलं असतं.

सगळ्यात वरच्या पातळीचं नाव होतं ‘अशक्य’. तिथे कॉम्प्युटर सरळसरळ लबाडी करी. शत्रूला पहिल्यापासून जास्तीची शहरं, जास्तीचं सैन्य, आणि आपण अजून मडकी भाजतोय तोवर त्याच्याकडे बंदुका. अशक्यवर सगळं जग जिंकायचं हे दोघांचं जुनं खूळ होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी शेवटी लोळवायचंच. गेली काही वर्षं हे काम जांभळं राज्य चोख करत होतं. त्यांची राणी पडद्यावर यायची, गालात हसायची आणि युद्ध पुकारायची. ताई तिला नावं ठेवायची आणि पुन्हा नवा डाव मांडायची.

राज्य एकच, खेळणारी दोघं. एक चाल त्याची, एक तिची. ही वाटणी आईनं केली होती, दोघांनी एकमेकांना ओरबाडून रक्त काढलं त्या दिवशी. तेव्हाच तिनं सांगितलं होतं की झालेली चाल परत घ्यायची नाही, नाहीतर भांडणं कधी संपायचीच नाहीत. आईला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण नियम पक्का बसला. मागची चाल उघडायचं बटण समोर असूनही दोघांनी त्याला कधी हात लावला नाही.

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता. तो पेन्शनरचा.

पेन्शनर म्हणजे तो पहिला भालाईत. पुढे तोफा आल्या, विमानं आली, तरी प्रत्येक डावात तो राजधानीत तसाच बसलेला असायचा, भाला घेऊन. काम शून्य, आणि दर चालीला घासभर धान्य खायचा. लहानपणी एकदा ताईनं हिशोबीपणा दाखवून त्याला सैन्यातून काढून टाकला, तेव्हा भावानं जेवण सोडलं होतं. आई, बाबा, ताई, तिघांनी मनधरणी केली तरी पठ्ठ्या उठला नाही. तेव्हापासून पेन्शनरला कुणी हलवायचं नाही, बदलायचं नाही, काढायचं नाही. असे नियम कुठे लिहिलेले नसतात, म्हणूनच ते मोडले की जास्त लागतं.

आता नव्या नवरीकडे येऊ. तिला ताई मनातल्या मनात ‘नवी’ म्हणायची. तोंडावर हाक मारायची वेळ आली की ‘अगं’ म्हणून भागवायची. नवी पोहायला शिकवायची. मोठ्या तलावावर पाळीप्रमाणे तासन्तास पाण्यात, मग ओल्या केसांनी घरी. स्वभावानं गरीब, आवाज हळू, कपाळावर कधी आठी नाही. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. ताईनं ते घेतले.

लग्नानंतर काही दिवसांनी नवी जिन्याखालच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “मी पण बघू?” तिनं विचारलं.

“ये की,” भाऊ म्हणाला आणि आपली खुर्ची सोडून बाजूच्या डब्यावर बसला.

ताईला वाटलं, बघेल चार दिवस आणि कंटाळेल. नवी कंटाळली नाही. आधी वाटणी तिघांत झाली. मग भावाचं काम वाढलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि शहरात उंच इमारती अशा उगवत होत्या की कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असायचंच. “माझ्या चाली तूच खेळ,” तो बायकोला सहज म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. ताईच्या दृष्टीनं तिथून सुरू झाला.

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, ती प्लॅस्टरचे जबडे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची. लोकांच्या तोंडात मावेल असं हसू तयार करणं हा तिचा धंदा. त्या दिवसांत तिचं चित्त इतकं भरकटलेलं होतं की एका आजोबांच्या कवळीत तिनं डावा सुळा उजवीकडे बसवला. डॉक्टरांचा फोन आला. “ताई, आजोबा वाघासारखे दिसतायत,” ते म्हणाले. ती ओशाळली, पण मन होतं जिन्याखाली. आत्ता ती बसली असेल. आत्ता माझ्या धरणाशेजारी काहीतरी भलतंच बांधत असेल.

घरी आल्यावर ताईच्या खुर्चीची उंची बदललेली असायची. उशीला तलावातल्या औषधाचा वास. ताई उंची पुन्हा आपल्या मापाची करायची आणि नवीच्या चालीत चुका शोधायला बसायची. चुका सापडत नव्हत्या, हे खरं दुखणं.

एकदा मात्र सापडली असं वाटलं. नवीनं समुद्रापलीकडे, उजाड खडकाच्या सुळक्यावर एक शहर वसवलं होतं. ना धान्य, ना खाण, ना नदी. वर त्याचं नाव ठेवलं होतं ‘माहेर’.

“अगं, तिथे काय पिकणार, दगड?” ताईनं विचारलं.

“जागा आवडली मला,” नवी म्हणाली. “तिन्हीकडून पाणी आहे.”

ताई आईजवळ पोट धरून हसली. पुढे जांभळ्यांशी जुंपली तेव्हा कळलं की त्यांचा सगळा मागचा किनारा माहेरपासून एका हाकेच्या अंतरावर होता. तोफा तिथे उतरवल्या आणि जांभळ्यांची शहरं एकामागून एक पडू लागली. बाकीची राज्यं केव्हाच संपली होती. अशक्यवर जग जिंकणं आता शक्य दिसत होतं, पहिल्यांदाच.

भाऊ हरखून गेला. “काय डोकं लावलंय बघ हिनं,” तो म्हणाला. “ताई, आपण इतकी वर्षं खेळलो, कधी त्या किनाऱ्याला लागलो होतो का?”

“नाही,” ताई म्हणाली. ते ‘नाही’ तोंडातून काढताना दाढ उपटल्यासारखं झालं.

बरं, खेळात मागे पडायचं दुःख तिनं गिळलं असतं. पण पूर्वी भाऊ कामावरून आला की बूट काढायच्या आधी ओरडायचा, “ताई, काय झालं आज?” मग ती सांगायची, कोणतं शहर उपाशी आहे, राणी काय म्हणाली, आणि तो दारातच एका पायावर उभा राहून ऐकायचा. आता तो तसाच ओरडायचा, फक्त हाक बायकोला जायची. ताई आतल्या खोलीतून ऐकायची. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात आता कुणी बोलतही नसे. दिवसभरात तिला ‘काय झालं आज’ विचारणारं माणूस जगात एकच होतं, ते दुसरीला विचारू लागलं. तिला हेवा वाटत होता, अगदी सरळ, आणि तो आपल्याला शोभत नाही हे कळल्यानं कमी होत नव्हता.

मग तो रविवार आला. नवी तलावावर, भाऊ कुणालातरी लिफ्टमधून सोडवायला, आई दुपारची आडवी झालेली. ताई चहाचा कप घेऊन जिन्याखाली बसली. चाल तिची होती. सवयीनं तिनं आधी राजधानी उघडली.

पेन्शनर जागेवर नव्हता.

तिनं राजवाडा पाहिला, वेस पाहिली, आजूबाजूची शेतं पाहिली. कुठेच नाही. शेवटची चाल नवीची होती. म्हणजे हिनं काढून टाकला. घासभर धान्य वाचवायला. डोक्यात तिडीक गेली आणि चहा तसाच राहिला.

विचारता आलं असतं. नवी थोड्या वेळानं येणारच होती. पण विचारलं असतं तर कदाचित एखादं चांगलं उत्तर मिळालं असतं, आणि त्या घटकेला ताईला चांगलं उत्तर नको होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे रागावायला सबळ कारण आलं होतं. ते ती हातचं जाऊ देणार नव्हती.

तिनं नकाशा सरकवत माहेरवर आणला. ह्या खेळात एका चौकोनात कितीही सैन्य राहतं, पण चित्र दिसतं ते सगळ्यात दणकट तुकडीचं. माहेरवर तोफ दिसत होती. ताईनं ती तोफ उचलून उत्तरेच्या डोंगरावर पाठवली. खाली दुसरी निघाली, तीही पाठवली. मग बंदूकवाले, तेही तिकडेच. डोंगरावर शत्रू नव्हता, रस्ता नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. चौकोनात अजून एक बारीकसं चित्र उरलं होतं, शहराच्या तटामागे अर्धं झाकलेलं. रस्ते बांधणारे मजूर असतील, असं म्हणून तिनं ते उघडूनही पाहिलं नाही. जांभळ्यांची जहाजं समोरच नांगरून पडली होती.

“घे तुझं माहेर,” ताई म्हणाली आणि बटण दाबलं.

जांभळ्यांची चाल सुरू झाली. जहाजातून सैन्य किनाऱ्यावर उतरलं. पडद्यावर ओळ आली: माहेरवरील पहिला हल्ला भालाइतांनी परतवला.

ताईला आधी अर्थच लागला नाही. साऱ्या राज्यात भालाईत असा एकच होता.

दुसरी ओळ आली: माहेरवरील दुसरा हल्ला भालाइतांनी परतवला. बंदुका आणि जहाजांसमोर, एकटा, हातात भाला. ताई खुर्चीच्या कडेला आली. तिनं नकळत माऊस घट्ट धरला होता, पण चाल आपली नसताना माऊसला काही अर्थ नसतो.

तिसऱ्या ओळीत माहेर पडलं. रक्षण करताना भालाईत कामी आले.

तिनं तिसरी ओळ पुन्हा वाचली. मागची चाल उघडायचं बटण कोपऱ्यात होतं. एकदा दाबलं असतं तर तोफा परत माहेरात, पेन्शनर परत त्यांच्या खाली झोपलेला, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिचा हात तिकडे गेला. त्याच क्षणी बाहेरचं दार वाजलं आणि नवरा-बायको बोलत बोलत आत आली. वाटेत भेटली असावीत. भाऊ हाताचं वंगण धुवायला मोरीकडे वळला. नवी सरळ जिन्याखाली आली, खांद्यावर ओला टॉवेल.

तिनं पडदा पाहिला. माहेरवर जांभळं निशाण. उघड्या डोंगरावर तोफा आणि बंदूकवाले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. तलावावर काम करणाऱ्या माणसाला कोण बुडतंय आणि कुणी ढकललंय ते लगेच कळत असावं. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पेन्शनर तिथे होते,” नवी हळूच म्हणाली. “मीच नेलं होतं त्यांना.”

“का?” ताईनं विचारलं.

“माहेरी थोरलं कुणी नव्हतं ना. वाटलं, ह्या घरचं एखादं माणूस तिथे राहायला यावं. तुम्ही ओळखता का ते बघायचं होतं, म्हणून सांगितलं नाही.” ती थांबली. “हलवायचं नसतं ते मला माहीत नव्हतं. आज ह्यानं वाटेत सांगितलं.”

ताईनं मान खाली घातली. तेवढ्यात भाऊ टॉवेलला हात पुसत दारात आला. “काय झालं आज?” त्यानं विचारलं, आणि मग त्यालाही पडदा दिसला. “अरे, माहेर गेलं?”

“माझी चूक,” नवी चटकन म्हणाली. “सकाळी तोफा मीच डोंगरावर नेल्या. लक्षात नाही आलं.”

“आणि पेन्शनर? तू तर म्हणालीस तो तिथेच...”

“तोही गेला.”

ताई वाट पाहू लागली. आता हा भडकणार. लहानपणी ताट सरकवून दिलेला हा. भावानं पडद्यावरच्या तिन्ही ओळी वाचल्या, हात नीट पुसले.

“असू दे गं,” तो बायकोला म्हणाला. “होतं असं. एक भालाईतच तर होता.”

ताईला वाटलं, कुणीतरी खालची खुर्ची काढून घेतली. एक भालाईतच तर होता. म्हणजे इतकी वर्षं तो नियम एकटी तीच सांभाळत होती की काय? आणि ही दुसरी, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन वर शांत उभी. चांगुलपणातही हिनंच पुढे असावं, ह्याचा तर ताईला सगळ्यात जास्त हेवा वाटला. तो तिला असह्य झाला.

“तिनं नाही हलवल्या,” ती म्हणाली. “मी हलवल्या. आत्ता, दुपारी. मुद्दाम.”

“तू?” भाऊ म्हणाला.

“पेन्शनर तिथे आहे हे माहीत नव्हतं. पण माहेर पडावं म्हणूनच हलवल्या.”

आणि मग तो फुटला. टॉवेल भिंतीवर आपटला. “तुला कळत नाही? ती नवीन आहे, तिला काय माहीत. तू? तू पहिल्यापासून आहेस, ताई. खाली कोण आहे बघितलं नाहीस? चौकोन उघडून बघायला काय हात मोडले होते? मी त्याच्यासाठी उपाशी राहिलो होतो, विसरलीस? दोन हल्ले परतवले त्यानं, दोन, आणि तू इथे बसून चहा पितेस. मूर्ख कुठची. पहिल्यापासून अशीच आहेस, राग आला की समोरचं मोडायचं. माझी पतंगसुद्धा अशीच फाडली होतीस.”

“आधी तू माझी फाडलीस म्हणून,” ताई म्हणाली.

“बोलू नकोस माझ्याशी. महिनाभर बोलू नकोस.”

“बरं.”

“बरं काय बरं?”

आतून आईचा झोपेतला आवाज आला. “सुरू झाले का परत दोघं?”

भाऊ पाय आपटत बाहेरच्या खोलीत गेला आणि तिथून पुढचं बोलू लागला; पतंगीनंतर सायकलीचा विषय निघाला. ताई ऐकत होती आणि तिला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास येत होता. पेन्शनर मेल्याचं दुःख खरं होतं, केल्याची लाज त्याहून खरी होती. पण हा आवाज तिचा होता. मघाशी बायकोवर तो रागावला नव्हता, म्हणजे त्याला काही वाटलं नव्हतं असं नाही. तो फक्त सभ्यपणे वागला होता, पाहुण्याच्या हातून कप फुटला की वागतात तसा. ओरडायला त्याला घरचं माणूस लागत होतं.

तिनं वर पाहिलं. नवी दारात तशीच उभी होती. तिच्या त्या कधी आठी न पडणाऱ्या कपाळावर आता एक आठी होती.

“ताई,” ती म्हणाली, “माझ्यावर तो कधी असा ओरडला नाही.”

तिचा आवाज कोरडा होता, आणि ताईला तो ओळखीचा वाटला. किती दिवस तो तिच्याच घशात अडकून होता. ह्याच बाईच्या खुर्चीचा हेवा करत आपण दात उलटे बसवले, आणि ही उभी आहे आपल्या वाट्याच्या शिव्यांकडे बघत. ताईला हसू आलं नाही, पण यायच्या बेताला होतं. तिनं डावी खुर्ची पायानं मागे सरकवली.

“बस,” ती म्हणाली. “तुझी चाल आहे.”

नवी बसली. दोघींची कोपरं एकमेकींना लागली. “चाल परत घ्यायची नसते ना?” तिनं विचारलं.

“नाही घ्यायची. माहेर घ्यायचं परत.”

बाहेर सायकलीचा विषय संपला होता. “आणि त्या तोफा आधी डोंगरावरून खाली आणा,” भाऊ तिकडूनच ओरडला. “एक खोड्या करते, दुसरी तिच्यासाठी खोटं बोलते. अक्कल आहे की नाही दोघींना?”

नवीचा माऊसवरचा हात थांबला. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

“दोघींना म्हणाला,” ती म्हणाली.

“हो,” ताई म्हणाली. “त्यातली अर्धी शिवी तुझी.”